फ्लाय घेऊन खाडीवर : गोव्यात नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चवथ झाली, पाऊस ओसरू लागला की आमच्या छोट्याशा फ्लाय फिशिंग क्लबाकडे नव्या लोकांची विचारपूस सुरू होते. कोणी नोकरीनिमित्त गोव्यात आलेलं असतं, हिमाचलात ट्राउट धरून आलेलं असतं. कोणी इथलंच, बांधावर गरवत, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरत, मोठं झालेलं. दोघांचाही पहिला प्रश्न एकच : रॉड कुठला घेऊ? त्याचं उत्तर या लेखात आहे, पण मी ते मुद्दाम बरंच खाली ठेवलं आहे. रॉड आधी घेतला आणि पाण्याकडे नंतर पाहिलं, असे कितीतरी जण दोन-तीन रविवार रिकाम्या हाताने परतताना मी पाहिले आहेत. मग रॉड माळ्यावर जातो आणि माणूस पुन्हा येत नाही. म्हणून क्लबात आम्ही ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने इथे सांगतो.

आधी हा प्रकार काय ते. नेहमीच्या गरीला शिसं किंवा आमिष वजन देतं. ते वजन पुढे उडतं आणि बारीक दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं, केस, चमकीचे धागे बांधून केलेली लहान माशाची, सुंगटाची (कोळंबीची) किंवा किड्याची नक्कल. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून इथे वजन लाइनला दिलेलं असतं. ही जाड, लेप दिलेली लाइन रॉडने हवेत मागेपुढे उलगडायची आणि ती जिथे सरळ होऊन उतरेल तिथे तिच्या टोकाची फ्लाय अलगद पडते. रॉडची निवड, हाताची चाल, वाऱ्याची अडचण, सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिला रविवार मैदानावर

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊन येऊ नका. टोपी, चष्मा आणि पाण्याची बाटली पुरे. क्लबाकडे शिकण्यासाठी ठेवलेले तीन रॉड आहेत, ते सगळ्यांचे. शाळेच्या मैदानावर, गवतावर, सकाळी साडेसहाला आम्ही जमतो, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा अजून वाड्यात फिरत असतो तेव्हा. फ्लायच्या जागी भगव्या लोकरीचा छोटा गोंडा बांधलेला असतो, म्हणजे कोणाला गरी लागायची भीती नाही.

काजूच्या बागेत मुलं काठीच्या टोकाला बोंडू खोचून लांब फेकतात ते तुम्ही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. काठी हळू सुरू होते, वेग घेते आणि झटक्यात थांबते. थांबली की बोंडू सुटतो. काठी गोल फिरवत नेली तर बोंडू पायाशी पडतो. फ्लाय रॉडचं नेमकं हेच आहे. रॉडचं टोक खाली, लाइन समोर सरळ. हळू उचला, वेग वाढवा, घड्याळात एक वाजल्यासारखा रॉड खांद्यामागे जरा झुकला की थांबवा. आता थांबा. मागे वळून बघा. लाइन मागे उलगडून सरळ होऊ द्या. मग पुढे, पुन्हा तसाच वाढता वेग, आणि दहाच्या आसपास थांबा. रॉड थांबला की लाइनला पुढे वळसा पडतो, त्याला आम्ही लूप म्हणतो. लूप अरुंद असेल तर लाइन वाऱ्यालाही चिरत जाते.

नवखा माणूस दोनच चुका करतो. एक, मनगट मोडतो, म्हणजे रॉड मागे जमिनीकडे लोळतो. दुसरी, मागची लाइन उलगडायच्या आत पुढे झटका देतो. तेव्हा चाबकासारखा कडकन आवाज येतो आणि पुढे खऱ्या पाण्यावर त्याच आवाजाला फ्लाय तुटून जाते. गरवणारे अनुभवी लोक या दुसऱ्या चुकीत जास्त अडकतात, कारण त्यांच्या हाताला शिशाच्या वजनाची सवय असते. त्यांना मी एवढंच सांगतो : हात हळू करा, थांबा मोठा घ्या.

लांब फेकायची घाई नको. दहा मीटरवर, एका बादलीएवढ्या जागेत, दहातून सहा वेळा गोंडा पडू लागला की तुम्ही खाडीवर यायला तयार. कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांतला मासा बहुतेक वेळा बारा-पंधरा मीटरच्या आतच असतो. वीस मीटर लांब पण दोन मीटर चुकलेली फेक झाडावर अडकते आणि ती सोडवताना तिथले सगळे मासे पळतात.

आठवड्यात तीन दिवस, रोज वीस मिनिटं, एवढा सराव घरासमोरच्या मळ्यात केला तर महिन्याभरात हात बसतो. एकाच दिवशी दोन तास केला तर खांदा दुखतो आणि थकलेला हात चुकाच पाठ करतो.

मग पाणी

माझे मामा शापोरा नदीच्या काठी राहत. लहानपणी त्यांच्याबरोबर गरवायला गेलो की ते दोरी सोडायच्या आधी पाऊण तास नुसते बांधावर उकिडवे बसून राहत. मी कंटाळून गरी मागितली की म्हणत, "आदीं उदक पळय, मागीर गरी उडय." म्हणजे आधी पाणी बघ, मग गरी टाक. आज क्लबात नव्या माणसाला दुसऱ्या रविवारी आम्ही रॉड न देता बांधावर नेतो, ते त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

आपल्या नद्या, तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग, समुद्राच्या श्वासावर चालतात. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मोबाइलवर मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक मिळतं, ते बघाच. पण घरच्या भिंतीवरच्या पंचांगानेही काम होतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ते भरतीच्या तासाचं ढोबळ उत्तर. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दुसरी भरती त्याच्या साधारण साडेबारा तासांनी. नदीच्या मुखापासून वर गेलात की भरती उशिरा पोचते. शिवोलीला जी वेळ असेल ती कोलवाळला नसते. किती उशीर, ते कोष्टकात सापडणार नाही. बांधाच्या कडेला पाण्यात एक काठी रोवा, तिच्यावर चुन्याने खुणा करा आणि दोन फेऱ्यांत कळेल.

पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि धावतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी सुस्त. नवख्याला उधाणाच्या ओहोटीत लाइन सांभाळणं जड जातं, शिवाय चिखल उठून पाणी गढूळ होतं. भांगात पाणी निवळ, पण मासा आळसावलेला. म्हणून पहिली खेप आम्ही दशमीच्या सकाळची किंवा पंचमीच्या संध्याकाळची ठरवतो. दशमीला साडेसातला भरती पूर्ण होते, मग साडेनऊपर्यंत ओहोटीचे पहिले दोन तास, ऊन चढायच्या आत. पंचमीला दुपारी चारच्या सुमारास पाणी वळतं आणि सहापर्यंत वेळ मिळतो.

ओहोटीचे पहिले दोन तासच का? भरतीला पाणी तिवराच्या, कांदळाच्या मुळांत खोल शिरतं. छोटे मासे आणि सुंगटं पाण्याबरोबर आत जातात, कारण तिथे खाणंही आहे आणि लपायला जागाही. मोठे मासे त्यांच्यामागे जातात. तेव्हा आपल्याला काही करता येत नाही, मुळांच्या जाळीत फ्लाय टाकणं म्हणजे फ्लाय घालवणं. पाणी वळलं की आतला सगळा जीव ओहोळांच्या तोंडातून बाहेर येऊ लागतो. त्या तोंडाशी, जिथे उथळ पाणी खोल पाण्याला मिळतं तिथे, चोणक (खाडीतला मोठा शिकारी मासा, महाराष्ट्रात जिताडा) सावलीत उभी राहते, प्रवाहाकडे तोंड करून. तिला पाठलाग करावा लागत नाही, घास समोरून येतो. तुमची फ्लाय त्या ओहोळातून वाहत बाहेर येणाऱ्या सुंगटासारखी दिसली पाहिजे, म्हणजे ती ओहोळाच्या बाजूला, जरा वर पडली पाहिजे आणि पाण्याबरोबर खाली यायला हवी.

बांधावर बसून तेवढंच पाहा : पाणी कुठे वळतं, फेस कुठल्या रेषेत वाहतो, शेवट्यांचं (बोय माशांचं) पिल्लू कुठे घाबरून उडी मारतं, दगडामागे पाणी कुठे शांत आहे. चोणक खाते तेव्हा पाण्यावर ओंजळ जोरात आपटल्यासारखा आवाज होतो. एकदा ऐकला की विसरत नाही.

मानस, खाजन आणि दुसऱ्याचा हक्क

गोव्यात शिकणाऱ्याने हे आधीच समजून घ्यायला हवं. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून वाचवलेली शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दाराचं तोंड. भरतीचं पाणी दार बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावावा लागत नाही, इतकी ती सोय हुशार आहे. साहजिकच मानसाच्या तोंडाशी मासे गोळा होतात, आणि साहजिकच नव्या माणसाचं लक्ष पहिलं तिथेच जातं.

तिथे फ्लाय टाकू नका. मानसावरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने ती घेतली त्याने पैसे मोजलेले असतात आणि त्याचं घर त्यावर चालतं. क्लबाचा पहिला नियम हाच आहे आणि तो मोडणाऱ्याला आम्ही पुन्हा बरोबर नेत नाही. मानसापासून दूर, जिथे कोणी जाळं लावलेलं नाही, पाग (फेकायचं जाळं) टाकणारा कोणी नाही, तिथे उभे राहा. बांधावर कोणी आधीपासून गरवत असेल तर त्याला नमस्कार करून, काका, इथे उभा राहिलो तर चालेल का, असं विचारा. नाही म्हणाले तर पुढे चला. हो म्हणाले तर बहुतेक वेळा माहितीही मिळते, आणि ती कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकी असते.

चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य, म्हादई, मोले, बोंडला ही संरक्षित क्षेत्रं आहेत. तिथे गरी न्यायचीच नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून त्या महिन्यांत रात्री बॅटरी घेऊन तिथे फिरू नका. बाकी जागांसाठी परवाना, नियम जे काही त्या हंगामात लागू असेल ते पणजीला मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. फेरी एकच, आणि नंतर मनाला घोर राहत नाही.

आता रॉड

आठ नंबरचा, नऊ फुटी, चार तुकड्यांचा. गोव्याच्या खाडीसाठी पहिला आणि बराच काळ एकमेव रॉड म्हणून हाच. नंबर म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर. आठ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे १३.६ ग्रॅम भरतात आणि रॉड तेवढं वजन उडवण्यासाठी बनवलेला असतो. ट्राउटसाठी हिमाचलात वापरलेला पाच नंबरचा रॉड तुमच्याकडे असेल तर तो काळुंदरं, लहान तांबोशी अशा माशांसाठी राहू द्या. मुळांकडे धावणाऱ्या चोणकीला तो अडवू शकत नाही, आणि इकडच्या वाऱ्यात जड फ्लाय त्याने जात नाही.

पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर वाचवा. लाइनवर वाचवू नका. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, चिकट होते आणि रॉडच्या कड्यांतून सुटत नाही. उष्ण प्रदेशासाठी बनवलेली, तरंगणारी लाइन मागा. रील खाऱ्या पाण्याला टिकणारं हवं, ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा रील लाइनला देतं तो अडथळा, एकसारखा सुटणारा हवा. लाइनच्या मागे बॅकिंग, म्हणजे जादाची बारीक दोरी, दीडशे मीटर भरा.

लाइनच्या पुढे लीडर, म्हणजे फ्लायला जोडणारा बारीक धागा, नऊ फुटांचा, निमुळता होत गेलेला, टोकाला १६ ते २० पौंडांचा ताण सोसणारा. आणि त्याच्याही पुढे फूट-दीड फूट ३० ते ४० पौंडांचा जाड फ्लोरोकार्बनचा धागा. हा तुकडा लावायचा कंटाळा करू नका. चोणकीच्या तोंडात कापणारे दात नसतात, पण तिच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. एका डोकं झटकण्यात बारीक लीडर कापला जातो आणि गरी तिच्या तोंडात राहते. तांबोशीला तर खरेच सुळे असतात. गाठ बांधली की ओढून बसवण्याआधी ओली करा, नाहीतर घासून धागा तापतो आणि कमकुवत होतो.

घरी आल्यावर रॉड, रील, लाइन गोड्या पाण्याने धुवा. त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मीठ आपलं काम करून मोकळं झालेलं असतं.

फ्लाय स्वतः बांधा

पहिल्या दोन फ्लाय क्लब देतो, तिसरी तुम्ही बांधायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउझर नावाच्या वाटाड्याने १९८०च्या दशकात नदीतल्या बास माशांसाठी एक साधी फ्लाय बनवली, तिला क्लाउझर मिनो म्हणतात. गरीच्या दांडीवर, नाकाजवळ, धातूचे दोन डोळे डंबेलसारखे बांधायचे, त्यामुळे वजन वर येतं आणि पाण्यात गरी उलटी होऊन टोक वरच्या बाजूला राहतं. आपल्या तळाशी कालवं, दगड, बुडालेली लाकडं असतात. टोक वर असल्यामुळे ती कमी अडकते. एक नंबर किंवा एक-शून्य नंबरची गरी, पांढरे केस खाली, पोपटी केस वर, मध्ये थोडी चमकी. एवढ्याने गोव्यातला निम्मा हंगाम निघतो. पाणी गढूळ असेल तर काळी-जांभळी बांधा. वर पाहणाऱ्या माशाला तिची आकृती उठून दिसते.

पिसांसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम. कोंबडी कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा, धुऊन सावलीत वाळवा, डब्यात कापूर टाका. जुन्या इंग्रजी सॅमन-फ्लायमध्ये आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची, मेणाचे ठिपके असल्यासारखी दिसणारी पिसं वापरत, आणि त्यासाठी तो पक्षी खूप मारला गेला. तो आज वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कोणी पिसं आणून दिली तरी घेऊ नका. सत्तरीच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकणं हे मला कुठल्याही फ्लायपेक्षा मोलाचं वाटतं.

बांधून झाली की पकडीने गरीच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करा. क्लबाच्या फेरीत काटा असलेली गरी चालत नाही. गेल्या हंगामात वाऱ्याचा एक झोत आला आणि आमच्या एका सदस्याची स्वतःची फ्लाय त्याच्या कानाच्या पाळीत रुतली. काटा दाबलेला होता, म्हणून जशी गेली तशी निघाली. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. काटा असता तर कान चिरावा लागला असता.

खाडीवर पहिल्यांदा

डोळ्यांवर चष्मा हवाच, ढग असले तरी, आणि तुम्ही स्वतः फेकत नसलात तरी. पायात बांधलेले, घट्ट कॅनव्हासचे बूट. गमबूट नकोत, चिखलात रुततात, पाणी भरलं की पाय उचलत नाही. अनवाणी तर नकोच, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, सरपटत न्या, म्हणजे वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असली तर आधी पायाचा धक्का तिला लागतो आणि ती निघून जाते. तिवराच्या चिखलात गुडघ्याच्या वर पाय गेला तर पुढे जाऊ नका, मागे या.

कुंभारजुवेच्या कालव्यात आणि त्याला लागून असलेल्या पाण्यात मगरी आहेत. मानगे, म्हणजे मगरी, आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. दुर्भाट भागात पौषातल्या अवसेला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, म्हणजे तिथल्या माणसाने तिच्याशी राहण्याचा मार्ग कधीच शोधला आहे. आपण पाण्यात उतरायचं नाही, काठापासून मागे राहायचं आणि तिथून लांब जायचं. त्या भागात क्लब फेरी काढत नाही.

आणि वीज. रॉड कार्बनचा असतो, त्यातून वीज वाहते. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवा, उघड्या बांधावरून निघा, मासा समोर उड्या मारत असला तरी. विजेच्या तारांखालून जाताना रॉड आडवा धरा. एकट्याने जाऊ नका, घरी परतायची वेळ सांगून जा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर फोनमध्ये साठवलेला असू द्या.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. उजव्या हाताने फेकत असाल तर वारा डावीकडून यायला हवा. उजवीकडून आला तर तो लाइन तुमच्या तोंडावर आणतो. जागा बदला, किंवा पाठ फिरवून मागची फेक पाण्याकडे करा.

मासा लागला की

ट्राउटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या हाताला सवय आहे मासा लागला की रॉड वर उचलायची. इथे रॉड उचललात की फ्लाय चोणकीच्या तोंडातून निसटते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवा आणि डाव्या हाताने लाइन लांब, घट्ट, एकदा ओढा. जड लागली की आणखी एकदा. मगच रॉड उचला, तोही बाजूला, आडवा. ही एक गोष्ट हाताला लागायला मला पूर्ण एक हंगाम लागला. त्यात ज्या चोणकी सुटल्या त्यांतली एक मला अजून डोळ्यासमोर दिसते, कांदळाच्या सावलीतून अर्धी वर आलेली, डोळा लाल चमकलेला.

पहिल्या चार-पाच सेकंदांत ती मुळांकडे धावते. तेवढंच अडवायचं. ड्रॅग आधीच घट्ट ठेवा, रॉड मुळांच्या उलट बाजूला झुकवा, लाइन सोडू नका. उघड्या पाण्यात आली की मग घाई नको. ती उडी मारेल तेव्हा रॉड तिच्याकडे झुकवून लाइन क्षणभर सैल करा.

जवळ आली की हात ओले करा. मोठी चोणक खालच्या जबड्याला धरून लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. कल्ल्यात बोटं घालू नका, तुमची बोटं कापतील आणि तिचा श्वासही जाईल. गरी पकडीने काढा. तांबोशीच्या तोंडात तर बोट कधीच नको. शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरचे आणि कडेचे काटे विषारी असतात. त्याला हातात न घेताच पकडीने गरी सोडवा. फोटो हवा असेल तर मित्राला आधी तयार राहायला सांगा, मासा पाण्यात ठेवा, उचला, दहा सेकंद, परत पाण्यात. ती शेपूट स्वतःहून हलवेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवा.

चोणक सोडायची का खायची, हा प्रश्न दर वर्षी निघतो. गोव्यात चोणकीची रवा लावून भाजलेली कापं कोणाला नको असतील? आमचा नियम सक्तीचा नाही, पण कारण ऐकून घ्या. चोणक जन्मते नर म्हणून, आणि काही वर्षांनी मोठी झाली की मादी होते. म्हणजे तुमच्या हातात आलेला तो मोठा, फोटोत शोभणारा मासा जवळजवळ नक्की मादी असतो, लाखो अंडी घालणारी, जी पावसाळ्याच्या सुमारास नदीच्या मुखाशी उतरते. ती एक गेली तर खाडीतून खूप काही जातं. म्हणून मोठी सोडा. घरी न्यायचंच असेल तर मधल्या आकाराचं एक, आणि तेही त्याच दिवशी खाल एवढंच.

या हंगामात क्लबात

जून-जुलैत, १ जून ते ३१ जुलै यंत्रचालित होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते त्या ६१ दिवसांत, आम्हीही पाण्यावर जात नाही. त्या काळात शनिवारी संध्याकाळी एका सदस्याच्या घरच्या बाल्कांवात (पुढच्या पडवीत) फ्लाय बांधायची बैठक होते, बाहेर पाऊस आणि आत दिव्याखाली चार-पाच व्हाइस (गरी पकडून ठेवायचे चिमटे). यंदाच्या पावसात बांधलेल्या फ्लायचा एक डबा नव्या लोकांसाठी बाजूला ठेवला आहे.

चवथीनंतर महिन्यातून दोन रविवार मैदान, एक खेप खाडीवर, ती तिथी पाहून ठरते. मुलांना दहा वर्षांपासून पुढे घेतो, बरोबर घरचं एक मोठं माणूस हवं. गेल्या वर्षापासून प्रत्येक खेपेत शेवटचा अर्धा तास बांधावर अडकलेली जुनी दोरी, फाटकी जाळी, प्लास्टिक गोळा करण्यासाठी ठेवला आहे. कांदळाच्या मुळांत अडकलेल्या जाळ्यात खेकडे आणि मासे मरतच राहतात, म्हणून पहिल्यांदा जाळी काढा, बाटल्या नंतर.

एक वही आहे. खेपेहून आल्यावर प्रत्येकाने तिच्यात लिहायचं : तिथी, भरतीची वेळ, पाणी निवळ की गढूळ, वारा, फ्लाय, काय दिसलं, काय लागलं. काही लागलं नाही तरी लिहायचं, किंबहुना तेव्हा जरूर लिहायचं. रिकाम्या दिवसांच्या ओळींवरूनच आम्हाला कळलं की पूर्ण भरतीच्या वेळी उभं राहण्यात अर्थ नाही.

पुढचं मैदान येत्या रविवारी, सकाळी साडेसहाला. चष्मा, टोपी, पाणी. भाजी-पाव आणि मिरची साडेआठला, मैदानाच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात, तिथला खर्च ज्याचा त्याचा. वद्य दशमीला शापोऱ्यावर खेप आहे. ज्यांचा गोंडा तोवर बादलीत पडू लागेल त्यांना बरोबर घेऊ, बाकीच्यांनी बांधावर बसून पाणी पाहायला यावं.